उलट्या फिरणाऱ्या चकतीची गोष्ट

गेल्या उन्हाळ्यात शिक्षकांच्या एका शिबिरासाठी आम्ही एका तालुक्याच्या गावी गेलो होतो. दुपारचे जेवण तिथल्या एका गुरुजींच्या घरी होते. त्यांच्या गच्चीवर तीन किलोवॅटची सौर पॅनेल बसवलेली होती आणि विजेचे बिल कसे जवळजवळ शून्यावर आले आहे, हे गुरुजी कौतुकाने सांगत होते. एवढ्यात वीज गेली आणि डोक्यावरचा पंखा थांबला. बाहेर मे महिन्याचे ऊन रणरणत होते. गुरुजींच्या आई वाढत होत्या. हातातली पळी तशीच धरून त्यांनी विचारले, "वर एवढं ऊन आहे, वीज वरच तयार होते म्हणता, मग पंखा का रे बंद?"

गुरुजींनी आमच्याकडे पाहिले. आम्ही उत्तर दिले ते असे: रस्त्यावरच्या तारेतली वीज गेली की गच्चीवरचा इन्व्हर्टर मुद्दामच बंद पडतो, तो तसा बनवलेलाच असतो. उत्तर बरोबर होते, पण त्याने आजींचे समाधान झाले नाही. खरे तर आमचेही झाले नाही. तसा का बनवतात? आणि बिल शून्यावर येते म्हणजे नेमके काय होते? याची उत्तरे शोधायची तर गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा एक इतिहास पाहावा लागतो. तो सौरघटाचा इतिहास नव्हे. सौरघटाची गोष्ट पाठ्यपुस्तकांत असते. हा इतिहास आहे घर आणि विजेची तार यांच्यातल्या नात्याचा. तो आपण संख्येच्या अंगाने पाहू: आधी एक छप्पर, मग तीस, शंभर, हजार, लाख आणि आता कोटी. संख्या वाढत गेली तसतसा प्रश्न बदलत गेला, हे त्यात आपल्याला दिसेल.

आधी घट, नंतर तार

प्रकाशापासून वीज मिळते हे १८३९ साली एदमाँ बेकरेल या १९ वर्षांच्या फ्रेंच तरुणाच्या लक्षात आले. १८७६ मध्ये इंग्लंडमध्ये ॲडम्स आणि डे या गुरुशिष्यांनी सेलेनियम या घन पदार्थातही असेच घडते हे दाखवले. पुढे १८८३-८४ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स फ्रिट्स यांनी सेलेनियमवर सोन्याचा अत्यंत पातळ थर देऊन घट बनवले आणि ते छपरावर मांडून पाहिले. अंगावर पडणाऱ्या प्रकाशातल्या ऊर्जेपैकी जेमतेम एक टक्क्याची ते वीज करत. याच न्यूयॉर्क शहरात १८८२ साली एडिसन यांचे पर्ल स्ट्रीटवरचे वीजकेंद्र सुरू झाले होते. म्हणजे छपरावरची वीज आणि तारेतून येणारी वीज एकाच शहरात, एक-दोन वर्षांच्या अंतराने जन्मली. पण पुढची जवळजवळ शंभर वर्षे त्यांची गाठ पडली नाही.

वापरण्याजोगा सौरघट आला तो २५ एप्रिल १९५४ रोजी. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डॅरिल चॅपिन, कॅल्विन फुलर आणि जेराल्ड पिअर्सन यांनी सिलिकॉनचा घट लोकांसमोर मांडला. त्याची कार्यक्षमता सुमारे सहा टक्के होती. चॅपिन यांच्यासमोरचा मूळ प्रश्न घरांचा नव्हताच. दूरच्या, दमट हवेच्या भागांतल्या टेलिफोन यंत्रणेचे कोरडे घट लवकर खराब होत, त्यांना पर्याय हवा होता. पुढे मार्च १९५८ मध्ये व्हॅनगार्ड-१ हा उपग्रह सौरघट घेऊन अवकाशात गेला. त्याच्यावरचा बॅटरीचा प्रक्षेपक काही महिन्यांतच थांबला, पण सौरघटांवरचा १९६४ पर्यंत बोलत राहिला.

म्हणजे सौरघटाचे पहिले आयुष्य गेले ते तार जिथे पोहोचत नाही अशा जागी: अवकाशात, समुद्रातल्या दीपनौकांवर, डोंगरावरच्या टेलिफोन खांबांवर. तिथे बॅटरी हवीच. घट महाग आणि बॅटरी त्याहून कटकटीची. ज्या घरात तार आहे त्या घरावर हे लचांड कोण बसवणार? १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एक वॅटचा घट शंभर डॉलरच्या आसपास पडे. एलियट बर्मन या रसायनशास्त्रज्ञाने स्वस्त सिलिकॉन वापरून तो भाव वीस डॉलरवर आणला, तरीही तो घरासाठी फारच महाग होता.

एक छप्पर: चकती उलटी फिरते

१९७३ साली अरब देशांनी तेलाचा पुरवठा आखडता घेतला आणि अमेरिका व युरोप ऊर्जेसाठी धडपडू लागले. अमेरिकेत १९७८ मध्ये एक कायदा झाला. पाचच अक्षरी संक्षेपाने, 'पुर्पा' म्हणून तो ओळखला जातो. छोट्या उत्पादकाने वीज देऊ केली तर ती वीज कंपनीने विकत घेतलीच पाहिजे, असे त्यात म्हटले होते. वीज कंपनीच्या तारेत दुसऱ्या कुणी वीज सोडणे, हेच तोवर अघटित होते. तार एकतर्फी असे, केंद्रातून घराकडे.

१९८१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या कार्लाइल गावी स्टीव्हन स्ट्राँग या वास्तुरचनाकाराने एक घर उभारले. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था आणि अमेरिकी सरकारचा ऊर्जा विभाग यांचा त्यात सहभाग होता. छपरावर सात किलोवॅटहून थोडी अधिक क्षमतेची सौर पॅनेल होती, आणि बॅटरीच्या जागी होती रस्त्यावरची तार. दिवसा जास्तीची वीज तारेत सोडायची, रात्री तारेतून घ्यायची.

ही देवघेव मोजायची कशी? इथे एका जुन्या यंत्राने अनपेक्षित मदत केली. आपल्यापैकी अनेकांच्या घरी पूर्वी काळ्या पेटीचा मीटर असे आणि त्यात एक चकती गोल फिरत असे. हा मीटर १८८९ च्या सुमाराला बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातल्या ओट्टो ब्लाथी यांनी आकाराला आणला. चकती ॲल्युमिनियमची असते. तिच्याजवळ तारेची दोन वेटोळी असतात. एकात विजेच्या दाबानुसार चुंबकत्व निर्माण होते आणि दुसऱ्यात प्रवाहानुसार. दोघांच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रांमुळे चकतीत भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि ती फिरू लागते. घरात जितकी वीज जास्त खर्च होते तितकी चकती जलद फिरते. आता घरातून तारेकडे वीज जाऊ लागली तर? दाब तोच, पण प्रवाहाची दिशा उलटी. मग चकतीही उलटी फिरते आणि मीटरचे आकडे मागे येऊ लागतात. काही मीटरांत चोरी रोखण्यासाठी उलटे फिरणे अडवणारा खटका बसवलेला असे. तो नसेल तर जमाखर्च आपोआप होई.

गुरुजींच्या घराचे उदाहरण घेऊ. तीन किलोवॅटच्या पॅनेलांपासून आपल्याकडच्या चांगल्या उन्हात दिवसाला साधारण बारा युनिट मिळतात. दिवसा घरात चार युनिट लागली, आठ तारेत गेली. संध्याकाळी आणि रात्री आठ युनिट तारेतून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी चकती जिथून निघाली तिथेच आलेली असेल. बिल शून्य!

हा शेजारधर्मातल्या उसनवारीसारखा हिशेब झाला. वाटीभर साखर दिली, वाटीभर परत घेतली. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने १९८३ मध्ये कायदा करून याच हिशेबाला मान्यता दिली. चाळीस किलोवॅटपेक्षा लहान उत्पादकांसाठी देवघेवीची वजाबाकी करून फक्त फरकाचे बिल करायचे. यालाच पुढे 'नेट मीटरिंग' हे नाव रूढ झाले.

पण चकतीचा एक स्वभाव लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी भांडणे त्यातूनच निघाली. चकतीला फक्त वजाबाकी कळते, वेळ कळत नाही. दुपारी बारा वाजता दिलेले युनिट आणि रात्री आठ वाजता घेतलेले युनिट तिच्या लेखी सारखेच. एका छपराच्या बाबतीत यात कुणाचे काही बिघडत नव्हते.

युरोपातही याच सुमारास सुरुवात झाली. मे १९८२ मध्ये स्वित्झर्लंडच्या लुगानो शहराजवळ दहा किलोवॅटचा, ग्रिडला जोडलेला युरोपातला पहिला सौर संच सुरू झाला. त्याची पॅनेल अभ्यासकांनी वर्षानुवर्षे जपून तपासली. पस्तीस वर्षांनंतरही त्यांतल्या बहुसंख्य पॅनेलांची शक्ती मूळच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक भरली. सौर पॅनेल किती वर्षे टिकते, या प्रश्नाला हे एक भक्कम उत्तर आहे.

तीस आणि शंभर: बेटाचा धोका

एक घर जोडणे वेगळे आणि एकाच वाहिनीवर ओळीने अनेक घरे जोडणे वेगळे. १९८० च्या दशकाच्या मध्यावर मॅसॅच्युसेट्समधल्याच गार्डनर गावात हा प्रयोग झाला. एका वस्तीतल्या तीस घरांवर प्रत्येकी सुमारे दोन किलोवॅटची पॅनेल बसवली आणि वीज कंपनीनेच त्यांचा तारेवर काय परिणाम होतो ते तपासले. जपानमध्ये कोबे शहराजवळच्या रोक्को या मानवनिर्मित बेटावर शंभर घरांइतके, प्रत्येकी दोन किलोवॅटचे संच एकत्र जोडून याहून बारकाईने अभ्यास झाला.

त्यातून उत्तर शोधायचे होते ते आजींच्याच प्रश्नाचे. आधी घरातली वीज तारेत जाते कशी ते पाहू. पॅनेलची वीज एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे डीसी असते. तारेतली वीज एसी असते. आपल्याकडे ती सेकंदाला ५० आवर्तने करते. इन्व्हर्टर डीसीची एसी करतो, पण तेवढ्याने भागत नाही. लेझीमच्या पथकात नवा मुलगा शिरतो तेव्हा तो आधी ताल ऐकतो, पाऊल जुळवतो आणि मगच आत जातो. इन्व्हर्टरलाही तारेचा ताल ऐकून त्याच तालात, त्याच क्षणी वर-खाली होणारी वीज सोडावी लागते.

आता समजा कुठेतरी तार तुटली आणि डीपीवरून वस्तीची वीज बंद केली. पथक थांबले. पण शंभर इन्व्हर्टर एकमेकांचाच ताल ऐकत चालू राहिले तर? योगायोगाने त्या वेळी वस्तीचा खर्च आणि पॅनेलांचे उत्पादन सारखे असेल, तर वस्तीपुरते विजेचे एक बेट तयार होते. अभियंत्यांच्या भाषेतही त्याला बेटच म्हणतात.

या बेटाचा धोका वायरमनला असतो. त्याने मागून वीज बंद केलेली आहे, तार मेलेली आहे असे धरून तो खांबावर चढला आहे. इथे मुलांना रोहित्राचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा, धडा आठवायला सांगावा. रोहित्र दोन्ही बाजूंनी काम करते. ११,००० व्होल्टचे ते ४०० व्होल्ट करते, तसेच ४०० व्होल्टच्या बाजूने वीज आली तर पलीकडे ११,००० व्होल्टही करू शकते. घराच्या गच्चीवरून आलेली साधी वीज डीपी ओलांडून उच्च दाबाच्या तारेवर पोहोचली, तर तिथे हात लावलेल्या माणसाचे काय होईल?

म्हणून इन्व्हर्टरला दोन गोष्टी शिकवल्या गेल्या. पहिली, दाब आणि वारंवारता ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की ताबडतोब थांबणे. पण बेट अगदी समतोलात असेल तर या दोन्ही मर्यादेतच राहतील. म्हणून दुसरी युक्ती: इन्व्हर्टर अधूनमधून ताल किंचित पुढे-मागे ढकलून पाहतो. पलीकडे देशभराचे जाळे असेल तर त्याच्या ढकलण्याने काहीच हलत नाही. एखाद्या हत्तीला मुंगीने ढकलावे तसे! पण पलीकडे केवळ वस्तीचे बेट असेल तर ताल लगेच सरकतो, आणि इन्व्हर्टर ओळखतो की आपण एकटे पडलो आहोत. मग तो थांबतो.

आजींचा पंखा थांबला तो असा. गच्चीवर ऊन होते, पण खांबावर कुणीतरी असू शकत होते.

पॅनेलांबरोबर बॅटरी बसवली आणि वीज जाताच घर तारेपासून पूर्ण तोडणारा इन्व्हर्टर घेतला, तर घरातला पंखा चालू ठेवता येतो. असे इन्व्हर्टर आता बाजारात मिळतात. बेट करायचेच असेल तर ते घराच्या उंबरठ्याच्या आतले असावे, एवढीच अट.

हजार: भाव किती द्यायचा?

तंत्राचा प्रश्न सुटत आला तेव्हा पैशाचा उभा राहिला. स्वित्झर्लंडमधल्या झुरिकचे अभियंते मार्कुस रेआल यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात एक साधा हिशेब मांडला. एक मेगावॅटचे सौर केंद्र हवे असेल तर जमीन, कुंपण आणि नव्या तारा लागतील. त्याऐवजी प्रत्येकी तीन किलोवॅटची ३३३ घरे घ्या. गुणाकार करून पाहा. ९९९ किलोवॅट होतात. छप्पर आधीच आहे, तारही दारात आहे. त्यांनी ३३३ घरमालक मिळवून हा हिशेब खरा करून दाखवला.

जर्मनीने १९९० मध्ये 'हजार छपरे' हा कार्यक्रम सुरू केला. एक ते पाच किलोवॅटच्या संचाला खर्चाच्या सत्तर टक्क्यांपर्यंत मदत मिळे. प्रतिसाद एवढा आला की अखेरीस दोन हजारांहून अधिक छपरे झाली. त्याच्याच बरोबरीने १ जानेवारी १९९१ पासून तिथे एक कायदा लागू झाला. ऊन आणि वारा यांपासूनची वीज कंपन्यांनी किरकोळ भावाच्या सरासरी नव्वद टक्के दराने घ्यायची. वाऱ्याला हा दर परवडला. सौर विजेला मात्र तो अगदीच तोकडा होता, कारण त्या काळी छपरावरचे युनिट त्याच्या कित्येक पट महाग पडत असे.

मग एका शहराने वेगळा विचार केला, पाहता पाहता तो पसरला. स्वित्झर्लंडमधल्या बुर्गडॉर्फने १९९१ मध्ये सौर युनिटला एक फ्रँक, आणि जर्मनीतल्या आखेनने १९९५ मध्ये दोन मार्क देण्याचे ठरवले. हा दर बाजाराचा नव्हता. तो खर्चाइतका होता आणि त्याचा भार शहरातल्या सर्व ग्राहकांच्या बिलांत थोडा थोडा वाटला गेला. पुढे १ एप्रिल २००० पासून जर्मनीने देशभर हीच रीत लावली. सौर युनिटला ९९ फेनिग, म्हणजे जवळजवळ एक मार्क, आणि तो दर पुढची वीस वर्षे नक्की. जपानने १९९४ पासून घरमालकांना निम्म्या खर्चापर्यंत अनुदान देऊन दरवर्षी ते कमी करत नेले.

आजच्या नजरेने हे दर उधळपट्टीचे वाटतील. पण त्यामुळे कारखान्यांना मागणीची खात्री मिळाली. आधी जपान आणि जर्मनीत, नंतर प्रचंड प्रमाणावर चीनमध्ये कारखाने उभे राहिले आणि वीस डॉलरचा तो वॅट घसरत घसरत डॉलरच्या छोट्याशा अंशावर आला. गुरुजींच्या गच्चीवरच्या पॅनेलांची किंमत काही अंशी आखेनच्या गृहिणींनी आपल्या बिलातून आधीच भरलेली आहे, असे म्हटले तर ते फारसे चूक नाही.

लाख: चांगला नियम वाईट ठरतो

छपरांनी लाखाची संख्या ओलांडली तेव्हा एक गंमत घडली. गंमत म्हणायची ती आज; त्या वेळी अभियंत्यांची झोप उडाली होती.

इन्व्हर्टरने मर्यादा ओलांडताच थांबावे, हा नियम आपण वर पाहिला. जर्मनीत वारंवारतेची वरची मर्यादा ५०.२ हर्ट्झ होती. हजार छपरे असताना ती अगदी योग्य होती. पण लाखो छपरांवरून हजारो मेगावॅट वीज येऊ लागल्यावर कुणाच्या तरी लक्षात आले: एखाद्या उन्हाच्या दुपारी काही कारणाने वारंवारता ५०.२ ला टेकली तर ही सगळी छपरे एकाच क्षणी थांबतील! पथकातले निम्मे गडी एका ठोक्याला लेझीम टाकून निघून गेले तर उरलेल्यांचा ताल टिकेल का? वायरमनला वाचवण्यासाठी केलेला नियमच आख्ख्या देशाला अंधारात लोटू शकत होता. २०१२ मध्ये जर्मनीने वटहुकूमवजा नियम काढला आणि पुढच्या काही वर्षांत तीन लाखांहून अधिक जुन्या संचांच्या इन्व्हर्टरांत दुरुस्ती करवून घेतली. आता त्यांनी एकदम थांबायचे नाही; वारंवारता वाढेल तसे हळूहळू उत्पादन कमी करायचे.

ऑस्ट्रेलियात तर दर तीन घरांमागे साधारण एका घरावर पॅनेल आहेत. तिथल्या दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यात १४ मार्च २०२१ रोजी दुपारी मागणी कमी आणि छपरांवरची वीज जास्त अशी वेळ आली, आणि जाळे सांभाळण्यासाठी काही घरांचे सौर संच दुरून बंद करावे लागले. ज्या देशांनी एकेका छपरासाठी जिवाचे रान केले, तिथे छपरांना 'जरा थांबा' म्हणायची वेळ आली.

आपल्याकडे

भारतात सौर विजेचा प्रवास उलट दिशेने झाला. आपल्याकडे ती पहिल्यांदा आली ती तार नसलेल्या जागी: आदिवासी पाड्यांवरचे दिवे, सौर कंदील, पाण्याचे पंप. १९८२ मध्ये केंद्र सरकारने अपारंपरिक ऊर्जेसाठी वेगळा विभाग काढला, त्याचाही भर यावरच होता. ते योग्यच होते. शिवाय तारेशी जोडलेला संच तार जिवंत असेल तरच चालतो. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात बारा-बारा तास भारनियमन होते. तिथे असा संच दिवसातला निम्मा वेळ झोपूनच राहिला असता!

२००८ मध्ये कोलकात्याच्या न्यू टाउनमध्ये सुमारे पंचवीस घरांची 'रविरश्मी आवासन' ही वसाहत उभी राहिली. तिच्या छपरांवरची वीज ग्रिडला जोडलेली होती. जानेवारी २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान जाहीर झाले. नंतर एकेका राज्याच्या वीज नियामक आयोगाने नेट मीटरिंगचे नियम केले. महाराष्ट्रात ते २०१५ मध्ये आले आणि २०१९ मध्ये सुधारले गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'पीएम सूर्य घर' योजना आणली. तीन किलोवॅटच्या घरगुती संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आणि एक कोटी घरांचे लक्ष्य. मार्च २०२५ मध्ये त्यांतल्या दहा लाख घरांचा टप्पा गाठला गेला. म्हणजे लाखाच्या घरात आपण पोहोचलो आहोत आणि कोटीकडे निघालो आहोत.

दुपारचे युनिट आणि रात्रीचे युनिट

आता चकतीकडे परत येऊ. गुरुजींच्या घरी चकती नाही. तिच्या जागी इलेक्ट्रॉनिक मीटर आहे आणि तो दोन आकडे वेगळे दाखवतो, घेतलेली युनिट आणि दिलेली युनिट. नवे मीटर तर कोणत्या वेळी किती, हेही लक्षात ठेवतात. चकतीला जे कळत नव्हते ते आता कळू लागले आहे आणि त्याबरोबर एक अवघड प्रश्नही आला आहे.

उन्हाच्या दुपारी सगळ्यांच्याच छपरांवर वीज पिकते. रात्री आठला सगळ्यांनाच ती हवी असते, पण छपरे गप्प असतात. तेव्हा कोळशाचे किंवा पाण्याचे केंद्र चालवावे लागते, नाहीतर बॅटरी लागते. सुगीत सगळ्यांच्या घरी साखरेचे डबे भरलेले असताना दिलेली वाटी आणि टंचाईत मागितलेली वाटी सारखी मानायची का? अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने एप्रिल २०२३ पासून याचे उत्तर 'नाही' असे दिले. तिथे नव्या छपरांना दिलेल्या युनिटचा मोबदला त्या त्या वेळच्या किमतीनुसार, म्हणजे बहुधा पूर्वीपेक्षा बराच कमी मिळतो.

दुसरा मुद्दा न्यायाचा आहे. खांब, तारा, डीपी आणि वायरमन यांचा खर्च युनिटच्या दरातच मिसळलेला असतो. ज्याचे बिल शून्यावर आले त्याचा या खर्चातला वाटाही जवळजवळ शून्य झाला. पण तार तर तो रोज रात्री वापरतो. मग तो वाटा कुणी भरायचा? ज्याला स्वतःची गच्ची नाही त्या भाडेकरूने, चाळकऱ्याने, झोपडीतल्या ग्राहकाने?

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. गच्चीवरची वीज शेजारच्या घरातच खर्च होते, त्यामुळे लांबच्या तारांमधली गळती वाचते. दुपारी चालणारे पंप आणि कारखाने यांना ती उपयोगी पडते. कोळसा जळत नाही. आणि लोकांनी स्वतःचे पैसे घालून उभारलेली ही वीजकेंद्रे आहेत, हे विसरून चालणार नाही. एका दराने सगळ्यांना न्याय मिळेल असे सूत्र अजून कुठल्याही देशाला सापडलेले नाही. पण आमचे मत विचाराल तर, चकतीची साधी वजाबाकी सुरुवातीला योग्यच होती. ती कायमची मात्र नव्हे. रोपाला कुंपण लागते, झाडाला लागत नाही. फक्त कुंपण काढायचे ते झाड झाल्यावर, आणि आधी सांगून. वीस वर्षांचा हिशेब करून ज्याने कर्ज काढले, त्याचा नियम मधेच बदलणे हाही अन्यायच.

वर्गात काय करता येईल?

शाळेच्या परिसरात कुणाच्या तरी घरी असा संच असेलच. मुलांना त्या घराच्या मीटरवरचे घेतलेल्या आणि दिलेल्या युनिटांचे आकडे आठवडाभर सकाळी सात आणि संध्याकाळी सहा वाजता लिहायला सांगावे. मीटर हाताळायचा नाही, नुसता वाचायचा. रोजचा फरक काढून आलेख काढावा. ढगाळ दिवस ओळखता येतो का? सुट्टीच्या दिवशी काय बदलते? मग वर्गात दोन गट करावेत. एक गट गच्चीवाल्यांचा, दुसरा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांचा. दुपारच्या युनिटला भाव किती असावा, यावर त्यांना वाद घालू द्यावा. आकडे समोर असले की वाद चांगला होतो.

त्या दुपारी साधारण पाऊण तासाने वीज आली. पंखा लगेच फिरू लागला. आम्ही आजींना गच्चीखालच्या इन्व्हर्टरपाशी नेले. तो अजून थांबलेलाच होता. वीज परत आली तरी ती स्थिर आहे याची खात्री होईपर्यंत तो काही मिनिटे वाट पाहतो, हे त्यांना सांगितले. शेवटी एक हिरवा दिवा लागला. आजी म्हणाल्या, "म्हणजे खांबावरचा पोरगा उतरला असेल आता."